पगारी खेळाडू आणि त्याची प्रतिष्ठा : पालवणकर बाळू

खेळ म्हणजे विरंगुळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिवसभर कचेरींत, पेढीवर किंवा शाळेंत काम करून थकलेला मनुष्य संध्याकाळीं मैदानावर जातो, घटकाभर अंग मोकळें करतो आणि ताजातवाना होऊन घरीं परततो. परंतु त्याला खेळतां यावें म्हणून दुसरा एक मनुष्य त्याच्या आधीं तेथें येऊन राबलेला असतो. त्यानें जमिनीवर पाणी मारलेलें असतें, रूळ फिरविलेला असतो, चुन्याच्या रेघा आंखलेल्या असतात आणि सरावाचें जाळें उभें केलेलें असतें. पुष्कळदां त्या खेळांतील खरें कसबही त्याच्याच हातीं असतें. कारण हौशी मनुष्य आठवड्यांतून दोन दिवस खेळतो, आणि हा रोज खेळतो. पहिल्यास हौशी खेळाडू म्हणतात, दुसऱ्यास धंदेवाईक. दोन्ही शब्द सरळ आहेत. पण 'धंदेवाईक' हा शब्द उच्चारतांना जिभेवर जी किंचित् तुच्छता येते, तिच्यामागें एक मोठा इतिहास आहे. आपल्याकडे तो इतिहास पालवणकर बाळू या एका खेळाडूच्या चरित्रांत फार स्पष्टपणें वाचतां येतो.

हा भेद मूळचा विलायतेचा. गोल्फच्या खेळांत तो विशेष ठळक दिसे. इंग्लंडांतील गोल्फ क्लबांत एक पगारी तज्ज्ञ ठेवलेला असे. सभासदांस खेळ शिकविणें, त्यांच्या काठ्या तयार करणें व दुरुस्त करणें, प्रसंगीं हिरवळीची निगा राखणें, हीं त्याचीं कामें. तो सभासदांपेक्षां किती तरी सरस खेळे. देशाचें अजिंक्यपद बहुधा त्याच्याच वर्गाकडे जाई. परंतु क्लबाच्या इमारतींत पाऊल टाकण्याची मुभा त्याला सामान्यतः नसे. जे. एच. टेलर यांचें उदाहरण घ्या. डेव्हन परगण्यांतील नॉर्थम या गांवीं १८७१ सालीं एका गरीब घरांत त्यांचा जन्म झाला. लहानपणीं ते सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहत असत. पुढें मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर लागले. आणि १८९४ सालीं त्यांनीं 'ओपन' हें इंग्लंडांतील सर्वांत मानाचें अजिंक्यपद जिंकलें. पुढें आणखी चार वेळां तें त्यांच्याकडे आलें. आपल्या व्यवसायबंधूंची स्थिति सुधारावी म्हणून १९०१ सालीं त्यांनीं पगारी गोल्फ खेळाडूंचा संघ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. देशांत पहिला आलेला मनुष्यही नोकर तो नोकरच, ही समजूत त्यांना मोडून काढावयाची होती.

टेलर यांच्याहून चार-पांच वर्षांनीं लहान असलेला एक मुलगा याच काळांत पुण्याच्या मैदानावर रूळ ओढीत होता. १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथें जन्मलेले बाळू हे चर्मकार समाजांतील. वडील लष्करी खात्याच्या चाकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास आलें. लष्कराच्या छावणींत क्रिकेटचा खेळ नित्य चाले. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू गोळा करून बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांनीं आपले पहिले धडे गिरविले. शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हतें. पाहून शिकणें एवढीच त्यांची शाळा. पुढें शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघेही बंधु नामांकित खेळाडू झाले.

घरची स्थिति बेताची असल्यामुळें बाळूंना लौकर कामाला लागावें लागलें. पुण्यांतील एका पारशी क्रिकेट क्लबांत मैदान झाडणें, रूळ फिरविणें आणि मधूनमधून सभासदांस चेंडू टाकणें, हें काम त्यांना मिळालें. पगार दरमहा ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत गेले. तेथें पगार ४ रुपये झाला. खेळपट्टी तयार करावी, रेघा आंखाव्या, जाळीं लावावीं, असें तेंच काम; परंतु येथें त्यांच्या हातांतील गुण लोकांच्या ध्यानांत आला आणि सरावाच्या वेळीं चेंडू टाकण्यासाठीं त्यांना नित्य बोलावूं लागले.

त्या जिमखान्यांत जे. जी. ग्रेग नांवाचे एक लष्करी अधिकारी होते. इंग्लंडांतील हँपशायर परगण्याकडून खेळणारे हे उत्तम फलंदाज. इतरांच्या आधीं तासभर मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनीं एकदां बाद केलें कीं आठ आणे, असा त्यांनीं दर ठरविला होता, असें सांगतात. पगाराशीं ताडून पाहिलें म्हणजे या दराचें महत्त्व कळतें. आठ वेळां बाद केलें कीं चार रुपये, म्हणजे महिनाभर रूळ ओढण्याची मजुरी. ग्रेग यांची फलंदाजी या सरावानें सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही धारदार झाली. परंतु या व्यवहारांत एक गोष्ट कधींच घडली नाहीं. शेंकडों तास चेंडू टाकणाऱ्या त्या तरुणाच्या हातीं पूना जिमखान्याच्या जाळ्यांत कोणीं बॅट दिली नाहीं. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम, तें नोकरानें करावें. फलंदाजी हा साहेबाचा मान. बाळू हे मोठे गोलंदाज झाले आणि फलंदाज झाले नाहींत, याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको.

बाळू डाव्या हातानें संथ गोलंदाजी करीत. या गोलंदाजींत वेगाचा धाक नसतो, म्हणून ती बाहेरून सोपी दिसते. चेंडू हवेंत उंच येतो, फलंदाजास तो आपल्या आटोक्यांत आहेसें वाटतें, तो पाऊल पुढें टाकतो. आणि नेमक्या त्याच क्षणीं चेंडू अपेक्षेपेक्षां थोडा आधीं जमिनीवर पडतो. उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडून तो बाहेरच्या बाजूस वळतो, बॅटीची कड घेतो, किंवा तिला चुकवून यष्टिरक्षकाच्या हातीं जातो. असे चार चेंडू बाहेर गेले कीं फलंदाजाची नजर बाहेर लागते. मग पांचवा चेंडू त्याच हालचालीनें येतो, परंतु वळत नाहीं, सरळ आंत शिरतो. ही सारी करामत बोटांची, मनगटाची आणि धीराची. बाळूंची अचूकता अशी कीं, दिवसभर चेंडू टाकूनही त्यांचा टप्पा ढळत नसे. इंग्लंडचे प्रख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशीं त्यांची तुलना होई.

या कौशल्याला त्यांच्या चाकरीची जोड होती. त्या काळीं खेळपट्टी झांकून ठेवण्याची रीत नव्हती. पाऊस पडे, ऊन पडे, दंव पडे, तशी जमीन बदले. ओली खेळपट्टी उन्हानें वाळूं लागली कीं चेंडू अधिक वळतो. तीच रूळ फिरवून घट्ट केली कीं मुकी होते. कोणत्या जागीं माती भुसभुशीत आहे आणि कोणत्या जागीं आवळलेली आहे, हें सभासद पुस्तकांत वाचीत असतील. पण ज्यानें त्या जमिनीवर पाणी मारलें व रूळ ओढला, त्याच्या तळपायाला तें ठाऊक असे. नोकर म्हणून केलेलें काम त्यांना गोलंदाज म्हणून उपयोगी पडलें.

पुण्यांतील हिंदूंचाही एक क्लब होता आणि युरोपियनांस एकदां हरवावें ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. युरोपियनांच्या उत्तम फलंदाजास रोज बाद करणारा गोलंदाज गांवांतच आहे. मग त्याला आपल्या संघांत घ्यावयास काय हरकत? हरकत एकच होती, आणि ती खेळाची नव्हती. कांहीं सभासद त्यांना घेण्यास अनुकूल होते, कांहीं विरुद्ध होते. बाळूंना वगळणें हा हिंदूंचा मूर्खपणा होईल, अशा अर्थाचें मत खुद्द ग्रेग यांनीं प्रकट केल्याचें सांगतात. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळू हिंदूंच्या संघांत आले.

संघांत आले, परंतु पंक्तीला आले नाहींत. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. तो चेंडू बाळूंच्या हातून यष्टिरक्षकाच्या हातीं जाई, तेथून दुसऱ्याच्या, तेथून पुन्हां बाळूंच्या. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नसे. मग चहाची वेळ होई. इतर खेळाडू मंडपांत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना मंडपाबाहेर, कुंभारानें घडविलेल्या साध्या मातीच्या पेल्यांत चहा मिळे. तो पेला पिऊन झाल्यावर फेंकून द्यावयाचा. तोंड धुवावयाचें झालें तर मैदानाच्या एका कोंपऱ्यांत त्यांच्याच सारख्या अस्पृश्य गणलेल्या नोकरानें वरून पाणी ओतावें. जेवणाचें ताट निराळें, बसावयाची जागाही निराळी. हें वागणें दुष्टपणाचें आहे असें त्या मंडळींना वाटत नव्हतें. तें रूढीचें आहे एवढेंच त्यांना वाटे. संघ जिंकावा अशी इच्छा आणि संघ जिंकविणाऱ्याला दूर बसवावें ही रूढि, यांतील विसंगति त्यांच्या डोळ्यांस दिसत नव्हती. सुशिक्षित मनुष्यालाही रूढि किती आंधळा करूं शकते, याचें हें उदाहरण आहे.

ती विसंगति दाखवून देण्याचें काम बाळूंच्या गोलंदाजीनेंच केलें. पुण्याच्या हिंदूंनीं आसपासच्या संघांना हरविण्यास प्रारंभ केला. साताऱ्यास युरोपियनांचा एक जिमखाना होता. बाळूंची कीर्ति तेथें आधींच पोंचल्यामुळें त्यांच्या गोलंदाजीचा दांत पाडण्यासाठीं खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविण्यांत आला, अशी हकीकत आहे. परंतु ज्याचें बालपण रूळ ओढण्यांत गेलें, त्याला रुळानें दबलेल्या जमिनीवर कसा चेंडू टाकावा हें शिकविण्याची गरज नव्हती. बाळूंनीं सात गडी बाद केले आणि सामना पुण्याकडे आला. पुण्यास परत आल्यावर त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं त्यांना हार घातला. आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतों त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत मानूं नये, असें त्यांनीं इतर खेळाडूंना सांगितल्याची आठवण नमूद आहे. लोकमान्य टिळकांनींही बाळूंचा सत्कार केल्याचें सांगतात.

१८९६-९७ सालीं प्लेगनें मुंबई-पुण्यास थैमान घातलें. त्या धामधुमींत बाळूंनीं पुणें सोडलें व ते मुंबईस आले. लष्करांत थोडे दिवस काढल्यावर त्यांचा संबंध परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याशीं जडला. तेथेंही प्रथम कुरकुर झालीच. पण जाणत्या मंडळींनीं ती चालूं दिली नाहीं. चरितार्थासाठीं बाळू बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरीस राहिले आणि तिच्याही संघाकडून खेळूं लागले. मुंबई हें गिरण्यांचें, आगगाड्यांचें, नाना जातींच्या गर्दीचें शहर. पुण्यांत जें दहा वर्षांत घडतें ना, तें तेथें लौकर घडलें. हिंदु जिमखान्यांत पालवणकर बंधूंना इतरांबरोबर बसून जेवतां-खातां येऊं लागलें.

१९०६च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा सामना झाला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. त्यामुळें सामन्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टि केवळ खेळाची नव्हती. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या, युरोपियनांनीं १९१; दुसऱ्या डावांत हिंदूंच्या १६० झाल्या आणि युरोपियन १०२ धांवांत आटोपले. हिंदु १०९ धांवांनीं जिंकले. या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता आणि त्यांचे बंधु शिवरामही संघांत होते. सुधारक मतांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्रानें या विजयाचा अर्थ नेमका ओळखला. चर्मकार समाजांतील दोघां बंधूंना हिंदु जिमखान्यानें आपल्यांत घेतलें, ही घटना धांवसंख्येहून मोठी आहे, असा त्या पत्राच्या लेखाचा आशय होता. पुढील वर्षीं पारशी, युरोपियन व हिंदु यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. धर्मावरून संघ पाडण्याची ही पद्धत आज विचित्र वाटेल. १९४६ सालीं ती बंद झाली, हें योग्यच झालें. परंतु त्या काळीं हिंदुस्थानांतील उत्तम क्रिकेट याच स्पर्धेंत पाहावयास मिळे.

१९११ सालीं पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी खेळाडूंचा एक संघ इंग्लंडास गेला. त्या वर्षीं तेथील उन्हाळा कडक व कोरडा होता. संघांत निरनिराळ्या धर्मांचे व प्रांतांचे खेळाडू होते, महाराजांचें लक्ष दरबारी समारंभांकडे अधिक होतें आणि एकामागून एक सामने हातचे जाऊं लागले. एकंदर २३ सामन्यांत ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णीत राहिले. परंतु या पराभवांच्या रांगेंत एका मनुष्याची कामगिरी सतत उठून दिसत होती. पस्तिशी गांठलेले बाळू, दुखऱ्या खांद्यानें, मोठमोठे परगणे आणि विद्यापीठें यांच्या संघांसमोर दिवसचे दिवस चेंडू टाकीत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनीं एका डावांत १०३ धांवांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यांत त्यांना ११ बळी मिळाले आणि तो सामना हिंदी संघानें जिंकला. सोमरसेटविरुद्धच्या विजयांत शिवरामांनीं शतक झळकविलें. दौऱ्यांतील सर्व सामने मिळून बाळूंनीं ११४ गडी बाद केले. त्यांपैकीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५, सरासरी २०.१२. ज्या देशांत पगारी खेळाडूंना निराळ्या दारानें मैदानावर यावें लागे, त्या देशाच्या उत्तम फलंदाजांना पुण्याच्या या मैदान-नोकरानें चकविलें होतें.

मुंबईस परतल्यावर दलित समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगींचें मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजांतील एका विद्यार्थ्यानें तयार केलें होतें, असें सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. शिक्षणानें वर येऊं पाहणाऱ्या त्या तरुणास, हाताच्या कसबानें वर आलेल्या या खेळाडूचें मोल चांगलें समजत होतें. ज्या समाजाला शाळेचें दार अर्धेंच उघडें होतें, त्या समाजाच्या मुलांपुढें ठेवावयास तेव्हां उदाहरणें थोडीं होतीं; बाळू हें त्यांतील ठळक उदाहरण होतें.

येथवर पाहिलें तर कथा सुखान्त वाटेल. परंतु एक पायरी उरली होती. बाळू संघांत होते, संघाचे आधार होते, वयानें व अनुभवानें सर्वांत वडील होते. तरी कप्तानपद त्यांच्याकडे येत नव्हतें. कप्तान हा सामन्याआधीं नाणें उडवितो, प्रतिपक्षाच्या कप्तानाशीं हस्तांदोलन करतो, भोजनाच्या वेळीं संघातर्फे बोलतो. तेथें केवळ कौशल्य पाहत नाहींत. संघाचें तोंड कोणाचें असावें, हें पाहतात. १९१३ सालीं कप्तान झालेले एम. डी. पै हे ब्राह्मण गृहस्थ. पण हा मान आपल्याआधीं बाळूंना मिळावयास हवा होता, असें त्यांनीं जाहीरपणें बोलून दाखविलें. त्यांच्या सौजन्याचें कौतुक झालें. निवड समितीच्या धोरणांत फरक पडला नाहीं. येथें विलायतेची रीत आणि आपली रूढि यांची गांठ पडली होती. पगारी खेळाडूनें संघाचें नेतृत्व करावयाचें नाहीं, असा तिकडे दंडक होता. तिकडे अडवी आली ती मजुरी. इकडे मजुरीबरोबर जन्मही आडवा आला.

१९२० सालीं हा प्रश्न पेटला. पै यांची प्रकृति बरी नसल्यामुळें पहिल्या सामन्याचें नेतृत्व पुण्याचे दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यांत आलें आणि बाळूंना संघांतूनच वगळण्यांत आलें. देवधर हे पुढें महाराष्ट्राच्या क्रिकेटचे आधारस्तंभ झाले आणि त्यांच्या योग्यतेबद्दल कोणास शंका नव्हती. प्रश्न निवड समितीच्या न्यायाचा होता. विठ्ठल व शिवराम या बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि जातीमुळें आपल्यावर अन्याय होत आहे, असें जाहीर पत्रकानें स्पष्ट सांगितलें. ही गोष्ट लहान नव्हती. आजवर पालवणकर बंधूंनीं जें मिळवावयाचें तें चेंडूनें व बॅटीनें मिळविलें होतें. आतां त्यांनीं खेळण्याचें नाकारून आपलें म्हणणें मांडलें. वर्तमानपत्रांत चर्चा माजली, लोकमत त्यांच्या बाजूस झुकलें आणि अखेर तडजोड निघाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यांत पै कप्तान म्हणून परतले, बाळूंना उपकप्तान करण्यांत आलें, आणि बंधुद्वयही संघांत आलें. सामना चालू असतां पै कांहीं काळ मैदानाबाहेर गेले व त्या वेळापुरतीं संघाचीं सूत्रें बाळूंच्या हातीं आलीं. सुमारें पंचवीस वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना मिळालेलें कप्तानपद तें एवढेंच.

योगायोग असा कीं, त्याच १९२० सालीं इंग्लंडांत डील येथें गोल्फच्या 'ओपन' स्पर्धेस वॉल्टर हेगन नांवाचे अमेरिकन पगारी खेळाडू आले होते. क्लबाच्या इमारतींत कपडे बदलण्याची परवानगी नाहीं असें कळतांच त्यांनीं एक ऐटबाज मोटार भाड्यानें घेतली, ती क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि मोटारींतच कपडे बदलूं लागले. त्याच वर्षीं अमेरिकेंत टोलेडो येथील क्लबानें राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळीं पगारी खेळाडूंना आपलीं दारें उघडून दिलीं. हेगन यांच्या खिशांत पैसा होता आणि पाठीशीं मोकळ्या देशाची हवा होती. ते त्या दंडकाची थट्टा करूं शकले. पालवणकर बंधूंना थट्टा परवडण्यासारखी नव्हती. त्यांना संघांतली जागाच पणास लावावी लागली.

ती पणास लावल्याचें फळ तीन वर्षांनीं मिळालें. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षीं स्पर्धा हिंदूंनींच जिंकली. थोरल्या भावाला जें मिळालें नाहीं, तें धाकट्यास मिळालें. विठ्ठल यांनीं आपल्या आठवणी 'माझें क्रीडा-जीवन' या पुस्तकांत लिहून ठेवल्या. तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. खेळाडूनें मराठींत लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याचें स्थान महत्त्वाचें आहे; बाळूंविषयींची पुष्कळ माहिती त्यामुळेंच टिकली.

खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक कार्यांत पडले. १९३२ सालच्या पुणें करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत बाळूंचेंही नांव आहे. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांच्या मार्गाविषयीं त्यांचें मत पुढें डॉ. आंबेडकरांहून निराळें झालें. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकींत काँग्रेसनें मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध त्यांना उभें केलें. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें पडली. एके काळीं ज्यानें मानपत्र लिहिलें, तोच आतां प्रतिस्पर्धी होता. आंबेडकर यांनीं हक्क मागून घ्यावा असें म्हटलें. बाळूंच्या आयुष्यानें त्यांना असें शिकविलें होतें कीं, गुण दाखवीत राहिलें तर दारें हळूहळू उघडतात. परंतु त्यांच्याच घरांत १९२० सालीं जें घडलें, तें पाहिलें तर दुसराही निष्कर्ष निघतो. बाळूंच्या गोलंदाजीनें मंडपाचें दार उघडलें हें खरें. पण कप्तानपदाचें दार, दोघे भाऊ बाहेर पडल्यावर उघडलें.

४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस बाळूंचें निधन झालें. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१, अशी त्यांची नोंद आहे. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ सालीं झाला. तेव्हां त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें होतें, म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादींत त्यांचें नांव सांपडत नाहीं. मधला बराच काळ त्यांचें विस्मरण झालें होतें. इतिहासकार रामचंद्र गुहा यांचा क्रिकेटचा सामाजिक इतिहास २००२ सालीं प्रसिद्ध झाला आणि बाळूंचें चरित्र पुन्हां सुशिक्षितांच्या वाचनांत आलें.

विलायतेंतही काळ बदलत गेला. मध्यशतकांत हेन्री कॉटन यांनीं १९३४, १९३७ व १९४८ सालीं 'ओपन' जिंकून पगारी गोल्फ खेळाडूच्या व्यवसायाला प्रतिष्ठा आणली. १९५२ सालीं भारताविरुद्धच्या कसोटी मालिकेंत लेन हटन यांच्या रूपानें इंग्लंडनें विसाव्या शतकांत प्रथमच पगारी खेळाडूस कप्तान नेमलें. १९६२ सालीं हौशी व पगारी हा भेदच इंग्लंडच्या क्रिकेटनें काढून टाकला. जे. एच. टेलर तोंवर जिवंत होते. लहानपणीं ज्या क्लबाच्या सभासदांच्या पिशव्या त्यांनीं वाहिल्या, त्याच क्लबानें १९५७ सालीं त्यांना आपलें अध्यक्षपद दिलें. ज्या पूना जिमखान्यांत बाळूंनीं रूळ ओढला, तेथें त्यांच्या वांट्यास असा दिवस आला नाहीं.

आज खेळावर पोट भरणें ही लाजेची गोष्ट राहिलेली नाहीं. पगारी खेळाडूची छबी घराघरांत असते आणि मुलाला खेळांत पुढें जाऊं द्यावें असें आईबापांना वाटतें. परंतु प्रत्येक मैदानावर आजही कोणी तरी पहांटे येऊन पाणी मारतो, रूळ फिरवितो, जाळें बांधतो; मुलांना चेंडू टाकून त्यांचा हात तयार करतो. सामना संपल्यावर चहा येतो, तेव्हां तो मनुष्य कोठें उभा असतो आणि त्याच्या हातीं कसला पेला दिला जातो, हें घरच्या मुलांनीं पाहावयास शिकलें पाहिजे. बाळूंच्या चरित्राचा तोच उपयोग आहे.